जुन्या गॅसला गिऱ्हाईक

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. आईबाबांच्या खोलीतला एसी नुसता वारा देत होता, म्हणून दुरुस्तीला माणूस बोलावला. विशी ओलांडलेला एक पोरगा आला. त्यानं आणि बाबांनी मिळून विंडो एसीचं ते धूड खिडकीतून ओढून गॅलरीत स्टुलावर ठेवलं. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, पण या यंत्राला दुसऱ्या कुणी एकट्यानं हात लावलेला त्यांना चालत नाही. पोरानं पत्र्याचं खोकं बाजूला केलं. कॉम्प्रेसरमधून वर आलेली तांब्याची बारीक नळी असते, टोकाला दाबून डाग दिलेली. ती त्यानं बोटांनी चाचपली आणि पक्कडीनं कचकन तोडली. सूंऽऽ करत काहीतरी बाहेर पडलं. धुरकट वाफ, तेलाचा बारीक फवारा, किंचित गोडसर वास. आवाज आधी जोरात होता, मग बारीक होत गेला, मग थांबला. एखादं मिनिट लागलं असेल. तेवढ्या वेळात पोरगा मोबाइलवर पुढच्या गिऱ्हाइकाचा पत्ता बघत होता.

"हे काय सोडलंस?" मी विचारलं.

"काही नाही ताई, जुना गॅस. राहिला होता थोडा."

लीक कुठे आहे विचारलं, तर म्हणाला लीक नाही, जुन्या मशीनचा गॅस संपतो. मग नळीला एक पिन व्हॉल्व, म्हणजे गॅस भरायची तोटी, बसवून डाग दिला, सिलिंडर जोडला, आतली हवा सिलिंडरमधल्याच गॅसनं थोडी ढकलून काढली आणि कॉम्प्रेसरवर हात ठेवून, कानोसा घेत, अंदाजानं गॅस भरला. पाऊण तासात ३,२०० रुपये घेऊन गेला. जाताना दारात थांबून आपुलकीनं सांगितलं, "काका, हा गॅस बंद झालाय. पुढच्या सीझनला मिळायचा नाही. नवीन घेऊन टाका." एकोणिसाव्या दिवशी खोली पुन्हा गरम. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच. पण त्यापेक्षा तो सूंऽ आवाज माझ्या कानातून जात नव्हता, आणि का जात नाही हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता, आणि लहानपणी तो मला फार आवडायचा. कल्याणला शिवाजी चौकातून आत गेलं की बाबांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओत फ्रिज होता, पण त्यात खायचं काही नसे. रंगीत फिल्मची रिळं आणि फोटोपेपरची खोकी उन्हाळ्यात खराब होतात म्हणून ती त्यात रचलेली. आईनं कधी दुधाचं पातेलं ठेवायला मागितलं तर बाबा खोकी मोजून सांगायचे की जागा नाही. हा फ्रिज वर्षाआड बिघडायचा आणि मग मिस्त्रीकाका यायचे. खाकी झोळी, वेल्डिंगची बत्ती आणि आर-१२ चा, म्हणजे तेव्हाच्या फ्रिजमधल्या गॅसचा, सिलिंडर. मी आणि माझा भाऊ त्यांच्या मागे लागायचो, "काका, थंडी दाखवा ना." ते सिलिंडरची चावी जराशी फिरवायचे, सूंऽ आवाज यायचा आणि पितळी तोटीवर बघता बघता पांढरं बर्फ धरायचं. मे महिन्यात, कल्याणमध्ये, दुकानाच्या फरशीवर बसून आम्ही बर्फ तयार होताना बघायचो. बोट लावू द्यायचे नाहीत, कातडी जळते म्हणायचे. त्या सुट्टीतली सगळ्यात मोठी मौज होती ती. आज आकडे माहीत असल्यावर ती आठवण तशीच्या तशी गोड राहत नाही, आणि कडूही होत नाही.

आर-१२ मध्ये क्लोरीन असतो. हा वायू हवेत शंभरेक वर्षं टिकतो, हळूहळू वर चढतो, आणि तिथे उन्हानं फुटून निघालेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मोलिना आणि रोलंड या दोघा शास्त्रज्ञांनी हे १९७४ मध्येच मांडलं होतं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनला भगदाड पडल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. १९८७ च्या १६ सप्टेंबरला असे वायू कमी करण्यासाठी माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. आमचं थंडी बघणं त्यानंतरही दोन-तीन उन्हाळे चालू होतं. करारानंतर देशादेशांनी एकेक वायू खरोखर बंद करत आणला, आपल्याकडे २००८ च्या ऑगस्टमध्ये आर-१२ चं उत्पादन थांबलं, आणि वरचं ते भगदाड आता हळूहळू भरून येतं आहे. माणसांनी मिळून काही बिघडवलं आणि मिळूनच सावरायला घेतलं, अशी दुसरी इतकी मोठी गोष्ट मला चटकन आठवत नाही.

आमचा एसी २००७ चा. दीड टनी, विंडो. स्टुडिओत डिजिटल मिनीलॅब, म्हणजे फोटो छापायचं मशीन, आली तेव्हा बाबांनी कर्ज काढून तिच्याबरोबर तो घेतला. तो माणसांसाठी नव्हताच. लॅब तापली तर रंग सरकायचे, लग्नाच्या अल्बममधल्या नवरीचा शालू भलत्याच रंगाचा यायचा. फार उकडलं तर आम्ही मात्र रात्री दुकानात गाद्या टाकून झोपायला जायचो, केमिकलच्या आंबूस वासात. पुढे लोकांचे फोटो मोबाइलमध्येच राहू लागले. २०१६ मध्ये लॅब भंगारात गेली, दुकान भाड्यानं दिलं आणि एसी घरी आला. मशीनपैकी एवढंच काय ते उरलं. बाबा "एसी बदलणार नाही" म्हणतात तेव्हा नुसते पैसे वाचवत नसतात, हे घरात सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलून दाखवत नाही.

एसीच्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलंय: आर-२२, ८५० ग्रॅम. पोरगा म्हणाला तो बंद झालेला गॅस हाच. पोरगा खोटारडा नव्हता, अर्धवट ऐकलेलं सांगत होता. आर-२२ ची नवी यंत्रं बनवणं आपल्याकडे २०२४ च्या अखेरीस बंद झालं, हे खरं. गॅसचा कोटाही उतरत चाललाय, ठरलेल्या मूळ पातळीच्या पस्तीस टक्के कपात २०२० ला, साडेसदुसष्ट टक्के २०२५ ला, आणि २०३० ला जवळपास सगळा. पण जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी तो मिळत राहावा म्हणूनच हे टप्पे आखले आहेत, आणि २०३० नंतरही २०४० पर्यंत दुरुस्तीपुरता अडीच टक्क्यांचा कोटा ठेवलाय. म्हणजे ज्याच्या खिडकीत आर-२२ चं चालतं मशीन आहे त्यानं घाबरून ते भंगारात काढायचं काही कारण नाही. गॅस महाग होत जाईल, तेवढंच. आणि गॅस महाग झाल्यानं ज्याचं नुकसान होतं, त्याचं मशीन गळकं असतं. ज्याचं गळत नाही त्याला गॅस कितीलाही मिळो.

कारण गॅस संपत नाही. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही. बंद नळीत तोच तो वायू फिरत असतो. आतल्या कॉइलमध्ये उकळून खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये दाबाखाली पुन्हा पातळ होऊन ती सोडून देतो. आर-२२ उणे ४१ अंशांना उकळतो, म्हणून हे जमतं. नळी धड असेल तर पहिल्या दिवशी भरलेले ८५० ग्रॅम अठरा वर्षांनीही ८५० ग्रॅमच. "दर सीझनला गॅस भरावा लागतो" असं ज्याला सांगितलं जातं, त्याच्या नळीला कुठेतरी भोक आहे आणि ते शोधायला कुणाला वेळ नाही.

मी एका रात्री वही घेऊन बसले. पोरानं सोडला तो निम्मा गॅस धरला तर चारशे ग्रॅम. आर-२२ ओझोनला आर-१२ पेक्षा पुष्कळ सौम्य आहे, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट भारी. चारशे ग्रॅम म्हणजे सातशे किलोंवर कार्बन डायऑक्साइड. माझी स्कूटर चौदा हजार किलोमीटर चालवली तर तेवढा धूर होईल. ती मी वर्षात तीन हजारसुद्धा चालवत नाही. चार-पाच वर्षांचं माझं सगळं जाणंयेणं एका मिनिटात गॅलरीतून गेलं होतं, आईच्या तुळशीवरून, समोरच्या वाळत घातलेल्या चादरींवरून.

नव्या एसीचाही हिशेब केला, कारण तो न करता जुन्याला चिकटून राहणं मला पटत नाही. आईबाबा एसी उन्हाळ्याचे तीनेक महिने लावतात, रात्रीचे चार-पाच तास, २६ वर, पंखा सोबतीला. नवा इन्व्हर्टर एसी घेतला तर आमच्या दरानं वर्षाकाठी दोन-सव्वादोन हजारांची वीज वाचते. नव्याची किंमत चाळीस हजारांच्या घरात. फिटायला अठरा-वीस वर्षं लागतील. हेच एखाद्या दवाखान्यात किंवा दुकानात असतं, दिवसाचे दहा-बारा तास, बारा महिने, तर मी स्वतः बाबांना म्हटलं असतं की काढून टाका. नव्यांत बहुतेक आर-३२ येतो, तो ओझोनला काहीच करत नाही आणि उष्णतेच्या बाबतीत आर-२२ च्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा. गोदरेजनं तर २०१२ पासूनच प्रोपेनवर चालणारे एसी काढले, तो उष्णतेला कार्बन डायऑक्साइडच्या तिपटीच्या आसपास. गोष्टी सुधारताहेत. पण आमच्या खिडकीतलं मशीन आज मोडीत काढलं, तर मोडणारा माणूस पहिलं काम कोणतं करेल? पक्कड घेऊन ती नळी तोडेल.

मिस्त्रीकाकांचा नंबर बाबांच्या जुन्या डायरीत सापडला. फोन लागला. काका आता सत्तरीला टेकलेत, धंदा मुलाकडे दिलाय, पण "भाऊंचा एसी" म्हटल्यावर स्वतः आले; बाबांना ते भाऊ म्हणतात. मुलाला पाठवतो म्हणालेसुद्धा नाहीत. स्कूटरवर पायाशी व्हॅक्यूम पंप, मागे दोन सिलिंडर. वर येताना दोन जिने थांबत थांबत चढले.

"काय मिस्त्री, ओळखलंत का?" बाबा एसीच्या टपावर हात ठेवून म्हणाले.

"ओळखणार नाही? मीच बसवला होता की दुकानात."

चहा झाल्यावर काकांनी माझ्याकडे एक वेगळीच गोष्ट मागितली. बादली आणि जमेल तेवढा बर्फ. शेजारच्या तीन घरांतून बर्फाचे ट्रे गोळा केले. काकांनी एक रिकामा सिलिंडर काढला. तो नेहमीचा वापरून टाकायचा हिरवट डबा नव्हता, त्यात गॅस परत जात नाही. हा जाड पत्र्याचा, चावी असलेला, आतली हवा पंपानं ओढून काढलेला. आधी वजनकाट्यावर ठेवला, आकडा खडूनं फरशीवर लिहिला, मग बर्फाच्या बादलीत उभा केला आणि पोरानं बसवलेल्या पिन व्हॉल्वला नळीनं जोडला. मशीनवर दुपारचं ऊन, सिलिंडर बर्फात. गॅस उष्ण बाजूकडून थंड बाजूला आपोआप जातो, दाब तिकडे कमी असतो. आवाज नाही, वास नाही. गेजचा काटा हळूहळू उतरत होता, एवढंच. वीसेक मिनिटांनी सिलिंडर पुसून पुन्हा काट्यावर ठेवला. २६० ग्रॅम भरले.

मी विचारलं, "काका, तुम्हीच ना आम्हाला थंडी दाखवायचा?"

ते हसले नाहीत. थोडा वेळ नळी गुंडाळत राहिले. "तेव्हा कोणाला माहीत होतं बाळा. पुढे सरकारचं ट्रेनिंग झालं, तिथे एका साहेबांनी चित्रं काढून समजावलं. त्या रात्री झोप नाही लागली मला. तीस वर्षांत किती सोडला असेल." मग म्हणाले, "पोरांना शिव्या नका देऊ. त्यांना दिवसाला आठ कॉल उरकायचे असतात. बर्फ मागत बसला तर कंपनी काढून टाकेल."

नंतरचं काम मी शेजारी बसून पाहिलं. नायट्रोजन भरून दाब चढवला आणि साबणाचा फेस ब्रशनं प्रत्येक जोडावर लावत गेले. एक वाकण, दुसरं वाकण, तिसरं. आतल्या कॉइलच्या खालच्या वाकणापाशी फेसातून मोहरीएवढा बुडबुडा वर आला, फुटला, पुन्हा आला. "हे बघ," ते म्हणाले. तिथलं तांबं काळं पडलेलं होतं. आईनं आत येऊन ते पाहिलं आणि म्हणाली, "हे तर देवघरातल्या निरांजनासारखं झालंय." अगदी तेच. आमच्या घरामागून नाला जातो, पुढे खाडी. त्या घाणीतून उठणाऱ्या वायूत गंधक असतो. आईचं चांदीचं निरांजन दर पंधरवड्याला काळं पडतं, आणि त्याच हवेनं तांब्याची कॉइल वर्षानुवर्षं खाल्लेली. काका म्हणाले, या पट्ट्यात कॉम्प्रेसर टिकतात, कॉइल जातात. सर्व्हिसिंगला आलेला माणूस चमक यावी म्हणून तेजाबी पाणी मारत असेल तर मारू देऊ नका, साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

डाग दिला. दाब पुन्हा चढवून अर्धा तास काट्याकडे बघत बसलो. बाबा मधेच दोनदा उठून काटा हलला का बघून आले. मग पाऊण तास पंप लावला, आतली हवा आणि ओल ओढून काढायला. पोरानं हीच पायरी गाळली होती. ओल राहिली की ती कॅपिलरीच्या, म्हणजे आतल्या अगदी बारीक नळीच्या, तोंडाशी गोठते, गॅसबरोबर मिळून आम्ल बनवते आणि कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खाते. शेवटी सिलिंडर काट्यावर ठेवून पट्टीवर लिहिलेले ८५० ग्रॅम मोजून भरले. चार तास झाले होते. मला काकांनी बजावलं, कुणी म्हणेल आर-२२ मिळत नाही, आर-४१० नाहीतर आर-३२ टाकतो, तर त्याला दारातूनच परत पाठव. त्या गॅसचा दाब दीडपटीहून जास्त, तेल वेगळं, हे मशीन त्यासाठी बनलेलंच नाही. स्वयंपाकाचा गॅस भरणारेही आहेत म्हणाले, आणि मान हलवली.

पैसे विचारले तर ४,५०० म्हणाले. आई आतून "चार करा" म्हणणार होती, मला दिसत होतं. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि पाच हजार दिले. ३,२०० मध्ये आम्हाला एकोणीस दिवस मिळाले होते. पण त्याहून मला दुसरंच खटकत राहिलं. आपण गॅसचे पैसे किलोवर द्यायला तयार असतो, आणि भोक शोधायला लागणाऱ्या तासांचे पैसे म्हटलं की घासाघीस सुरू करतो. मीही आजवर तेच करत आले.

निघताना तो २६० ग्रॅमचा सिलिंडर तिथेच कोपऱ्यात उभा होता, बर्फ वितळून खाली पाण्याचं थारोळं. याचं आता काय करणार, मी विचारलं. काका म्हणाले, पोरानं भरताना यात हवा शिरलीय, तसाच कुणाच्या मशीनमध्ये घालता येणार नाही. शुद्ध करून घ्यायला हवा. घरी कॉटखाली असे दोन आणखी आहेत, थोडे थोडे भरलेले. "हवेत सोडवत नाही. आणि घेणारा मला तरी अजून भेटला नाही."

बाबा एकदम म्हणाले, "आपला हायपोवाला आठवतो का?"

मला आठवला. फोटो धुतल्यावर उरलेला हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, स्टुडिओत कधी मोरीत ओतला जात नसे. फिल्मवरची, कागदावरची चांदी त्यात उतरलेली असते. काळ्या कॅनमध्ये साठवून ठेवायचे, आणि महिन्याला एक माणूस मुंबईहून यायचा. तो खिशातून तांब्याची पट्टी काढून हायपोत बुडवायचा. पट्टीवर चांदीचा मुलामा चढायचा, तो किती आणि किती लवकर चढतो त्यावर लिटरचा भाव ठरायचा. एक्स-रेवाल्यांकडेही तोच जायचा. बाबा कॅन सांडू नये म्हणून त्याला दोरीनं भिंतीशी बांधून ठेवायचे. घाणेरडं, वासाचं, वापरून झालेलं पाणी, पण त्याला गिऱ्हाईक होतं म्हणून आमच्या घरात त्याचा एक थेंब वाया जात नव्हता. त्या पोराला जर माहीत असतं की नळीतल्या चारशे ग्रॅमचे संध्याकाळी रोख पैसे मिळतात, तर त्यानं पक्कड खिशात ठेवली असती. बर्फ मागितला असता. आठ कॉलमधूनही त्यानं वेळ काढला असता. याच आर-२२ पासून तव्याच्या नॉनस्टिक थराचा माल तयार होतो, म्हणजे वायू कामाचा आहे. नव्याला किंमत आहे. जुना गोळा करून कुणाकडे न्यायचा आणि त्याचे काय मिळणार, हे कल्याणच्या मिस्त्रीला सांगता येत नाही. २०३० पर्यंत अशा लाखो खिडक्या रिकाम्या होतील. माझी सरकारकडे काही मागणी असेल तर ती हीच आहे: प्रत्येक गावात एक हायपोवाला द्या.

काकांना खाली सोडायला मी आणि बाबा गेलो. पंप, रिकामे सिलिंडर, झोळी मागे बांधून झाली. तो जाड पत्र्याचा सिलिंडर पायाशी ठेवायचा होता. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला, उभा केला, आणि कॅरिअरवरची सुतळी सोडून त्याला दोन वेढे दिले. गाठ ओढून बघितली. तिसरा वेढा दिला.

"पडणार नाही भाऊ," काका म्हणाले.

"असू दे," बाबा म्हणाले, आणि चावी नीट बंद आहे ना ते पुन्हा एकदा फिरवून बघितलं.